लेकरांना नावं ठेवणाऱ्या बाई

"तोंड बघा ह्याचं. जसा काय तहसीलदार हाय, आन आपुन समदे सातबारा मागायला आलोत."

बाळंतिणीच्या बाजेवर टेकून आमच्या बाई असं काही बोलल्या की घरातली आजी तोंडाला पदर लावून हसायची. बाळंतिणीला बिचारीला उठून बसतानाही कळ यायची, पण तीही हसायची. मग दुपटं सुटायचं, लेकरू उघडं व्हायचं आणि बाई त्याला डोक्यापासून पायापर्यंत नावं ठेवत जायच्या. कान सुपाएवढे. नाक कुणाचं तरी उसनं आणलेलं. पाय कोंबडीचे. रडणं असं, की त्यापेक्षा पिठाची गिरणी बरी. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी सगळी नोकरी काढली, पण एखाद्या लेकराला त्या चांगलं म्हणाल्या असं कुणी ऐकलं नव्हतं.

त्या आमच्या उपकेंद्राच्या मोठ्या नर्सबाई. मी त्यांच्या हाताखाली कंत्राटावर लागलेली. पोटुशी बायका, बाळंतिणी आणि लहान लेकरं यांच्या घरोघर जायचं, वजन करायचं, लस टोचायची, रक्तवाढीच्या गोळ्या द्यायच्या आणि पुढच्या खेपेला त्या गोळ्या पोटात गेल्या की कोनाड्यातच राहिल्या ते बघायचं, हे आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. मीही सोपं समजूनच नांदेडहून आले होते.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. एका घरात पाळण्यात डोकावून मी म्हटलं, "अय्या, किती गोड आहे!" आजीनं लेकरू उचलून पदराखाली घेतलं आणि दुसरी एक बाई मीठ-मिरच्या आणायला चुलीकडं धावली. मला कळेना, मी काय पाप केलं. बाई शांतपणे वजनकाट्याची झोळी सोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिच्या बोलण्यावर जाऊ नका. तिला चष्मा लागलाय, नीट दिसत न्हाई. मला तर हे वाळल्यालं वांगं दिसून राहिलं." सगळे हसले. लेकरू पदराबाहेर आलं, झोळीत बसलं, वजन झालं.

बाहेर पडल्यावर त्या मला म्हणाल्या, "गोड म्हणायची लईच हौस असंल तर चहाला म्हणत जा. लेकराला म्हणू नको."

"पण बाई, नजर लागते यावर तुमचा विश्वास आहे?"

"माझ्या विश्वासाला कोण विचारतंय? तिच्या सासूचा हाय. तिनं दार लावलं तर वजन काय भिंतीचं करायचं?"

बाई अंगानं जड होत्या. गुडघे गेलेले. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात चप्पल ओढून घेते, म्हणून त्या साडीखाली पुरुषांचे रबरी बूट घालायच्या आणि बारा महिने तेच घालायच्या. हातात काळी छत्री, ती मुख्यतः कुत्र्यांसाठी. जीपमध्ये बसल्या की त्यांना झोप लागायची. माणसं कोंबलेली असोत, कुणाच्या मांडीवर कोंबडी असो, बाई झोपायच्या. आणि ज्या फाट्यावर उतरायचं तो आला की कुणी हाक न मारता जाग्या व्हायच्या. "जीव गेला माझा," हे त्यांचं सकाळचं पहिलं वाक्य. उतरताना तेच, चढताना तेच, कुणाच्या घरी पाणी प्यायल्यावरही तेच. पहिले काही महिने मी काळजीनं विचारायची, "काय झालं बाई?" नंतर मला कळलं की काही झालेलं नसतं. आता मी स्वतःच ते म्हणते. काही झालेलं नसतं, आणि तरी ते खरं असतं.

घरात गेल्यावर त्यांना खुर्ची चालायची नाही. प्लॅस्टिकची खुर्ची धावतपळत शेजारून आणली जायची, तिच्यावर त्या पिशवी ठेवायच्या आणि स्वतः बाजेवर बसायच्या. बाळंतिणीला "कशी आहेस" असं कधी विचारत नव्हत्या. "चांगली हाय म्हणंल ती. सासू समोर उभी हाय, दुसरं काय म्हणंल?" त्याऐवजी तिच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकायच्या. त्यावरून तिला काय खायला मिळतं ते कळायचं. ताट धुवून ठेवलेलं असलं तर म्हणायच्या, "मला भूक लागली, हिला जे केलं तेच द्या." मग घरात जी धांदल उडायची त्यावरूनही कळायचं.

दुधाच्या बाटल्यांशी त्यांचं वैर होतं. आईला दूध येत असताना कुणी बाटली आणली की ती जप्त. पण त्या ती फेकत नव्हत्या. आमच्या भागात मेंढ्या-बकऱ्या पाळणारी घरं पुष्कळ. एखादी बकरी व्याली की मरते, पिल्लू मागं राहतं. बाई ती बाटली अशा घरी नेऊन द्यायच्या. "ह्या पिल्लाला माय न्हाई, ह्याला पाजा. त्या लेकराची माय जित्ती हाय." एका वस्तीवर मी स्वतः पाहिलंय, अंगणात चार पिल्लं रंगीत बाटल्यांना लुचत होती आणि त्यातल्या एका बाटलीवर सशाचं चित्र होतं.

नावं ठेवणं ही त्यांची नुसती लहर नव्हती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. "बरगड्या मोजून घ्या गं," असं म्हणताना त्या लेकराचा श्वास मोजत असायच्या. "रंग बघा, हळदीत लोळवून आणलं काय," म्हणताना त्याचे डोळे उजेडाकडं करून कावीळ बघत असायच्या. "आठ दिसाची पाव्हणी हाय ही," असं एखाद्या नातीला म्हणून टाकलं की आजी खूश होऊन सुनेला तूप वाढायची. बायकांना त्याची इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी बाई घाईत असल्या तर त्याच आठवण करायच्या, "बाई, आमच्या लेकराला बोलल्या न्हाई आज?" बाई दारातून मागं वळायच्या आणि दोन शब्द टाकून जायच्या. अशा वेळी त्या घरांतून निघताना मला फार बरं वाटायचं. ऊन असायचं, पाय दुखायचे, फोनवर माहिती भरायची राहिलेली असायची, पण बरं वाटायचं.

धुरपताबाईंचं घर मेंढरं पाळणाऱ्यांचं. गावाबाहेर, डांबरी रस्त्यापासून आत, जाळीची वाघूर लावलेल्या मेंढरांच्या वाड्याशेजारी. बाईंवर या धुरपताबाईंचा भारी जीव. थोरल्या सुनेची तीन लेकरं बाईंच्या शिव्या खात मोठी झाली होती, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. धाकटी सून शीतल. तिचं पहिलंच बाळंतपण, आणि तिला माहेरी आई नव्हती म्हणून ते सासरीच झालं. मुलगा झाला. आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी बारशाचा पाळणा होता. अंगण सारवून झालं होतं, पुरुषमाणसं मेंढरांमागं गेली होती, आणि धुरपताबाई पाहुण्यांसाठी डाळ निवडत बसल्या होत्या.

बाईंनी झोळीतलं लेकरू मांडीवर घेतलं, दुपटं सोडलं. "काय हे, धुरपता, लेकरू हाय का…" एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांचं वाक्य अर्धं राहिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी वाकून पाहिलं. लेकराची छाती दर श्वासाला खाली आत ओढली जात होती आणि नाकपुड्या फुलत होत्या.

"दूध पितो का?" बाईंनी शीतलला विचारलं.

"दोन घोट घेतो आन सोडून देतो. कालपासून असंच करून राहिला," शीतल म्हणाली.

"धुरपता, ह्याला आत्ताच्या आत्ता हिंगोलीला न्यायचं. छाती भरली ह्याची."

धुरपताबाई हसल्या. खरंच हसल्या, डाळीत हात तसाच. "बाई, थोरलीच्या पोरीला बी तुमी आठ दिसाची पाव्हणी म्हनल्या होत्या. ती बघा, बकऱ्या घेऊन गेली."

"ते बोलणं येगळं होतं. मी आज खरं सांगून राहिले."

"तुमी कवा खोटं सांगता?" धुरपताबाई आणखी हसल्या. मग शीतलला म्हणाल्या, "बघ, बाईनं बोललं म्हंजी तुझं लेकरू दणकट होतंय."

बाईंनी आवाज चढवला. त्यांनी छाती उघडी करून दाखवली, बोटानं खळगा दाखवला. "अगं, हे मरून जाईल!" असंही म्हणाल्या. पण असं त्या किती घरांत, किती लेकरांना म्हणाल्या होत्या! धुरपताबाईंना त्यात प्रेमच ऐकू येत होतं. मी मध्ये पडले, निमोनियाबद्दल बोलले. "उद्या पाळणा होऊ द्या पोरी, पाव्हणे येऊन राहिले. परवा नेऊ," असं म्हणून त्यांनी मला गूळ-पाणी पुढं केलं. सरकारी गाडीला फोन करायला मी बाहेर जाऊ लागले, पण गाडी आली तरी लेकरू हातात द्यायला घरचं माणूस तयार पाहिजे. शीतल दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती. तिच्या हातात काहीच नव्हतं. लेकरूसुद्धा नव्हतं.

बाईंनी दुपटं पुन्हा गुंडाळलं. मला वाटलं, थकल्या. आता उठतील, "जीव गेला माझा" म्हणतील आणि आम्ही पुढच्या घराला लागू. असंही पुष्कळदा झालेलं आहे. सगळं सांगून झाल्यावर पुढच्या घरी जावंच लागतं.

मग त्या बोलल्या. तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, अगदी मऊ.

"धुरपता, लेकरू लई देखणं हाय गं."

डाळीतला हात थांबला.

"कपाळ बघ कसं हाय. डोळे बघ. इतकी वर्सं लेकरं बघून राहिले, असं न्हाई बघितलं. नजर हलत न्हाई माझी."

"बाई," धुरपताबाई म्हणाल्या. "बाई, असं काहून बोलून राहिल्या?"

"गोड हाय. लई गोड हाय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लेकराचं कपाळ आपल्या गालाला लावलं.

सूप उलटलं, डाळ सगळ्या अंगणात गेली. धुरपताबाईंनी झडप घालून लेकरू ओढून घेतलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ज्या बाई आयुष्यभर नावं ठेवतात त्या आज कौतुक करतात, याचा अर्थ त्यांना एकाच क्षणात लागला: लेकरू हातचं चाललं. त्या ओरडतच वस्तीवर पळाल्या आणि जीपवाल्याला जेवणावरून उठवून घेऊन आल्या. पाळणा, पाहुणे, कशाचं काही राहिलं नाही.

सेनगावच्या पुढं लेकराचे ओठ निळे झाले. बाईंनी ते शीतलच्या मांडीवरून घेतलं, मान सरळ धरली आणि हिंगोली येईपर्यंत त्याच्या तळपायाला टिचक्या मारत राहिल्या. त्या दिवशी जीपमध्ये त्यांना झोप आली नाही. दवाखान्यात लेकराला काचेच्या पेटीत ठेवलं. पुष्कळ दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. लेकरू वाचलं.

इथं कुणी म्हणेल, झालं, शेवट गोड झाला. पण धुरपताबाईंनी जे डोळ्यांनी पाहिलं होतं त्याचा क्रम वेगळा होता. लेकरू बरं होतं, त्याला थोडं सर्दीपडसं होतं. बाई आल्या, त्यांनी कौतुक केलं, आणि मग जीपमध्ये ते निळं पडलं. आधी कौतुक, मग निळं. हे त्यांच्या मांडीशेजारी घडलं होतं. त्यात डॉक्टर काय सांगणार?

लेकरू घरी आल्यावर एक दिवस त्या उपकेंद्राच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. "बाई, तुमचा राग न्हाई. पन आमच्या दारात येऊ नका आता." बोलताना त्या रडत होत्या.

"बरं," बाई म्हणाल्या.

एवढंच. मी भांडायच्या तयारीत होते. धुरपताबाई गेल्यावर मी बाईंवरच चिडले. "तुम्ही समजावून का सांगत नाही? नजर-बिजर काही नसतं म्हणून सांगा ना एकदा!"

"कोणत्या तोंडानं सांगू?" बाई म्हणाल्या. "इतकी वर्सं त्याच नजरेच्या जोरावर मी घराघरात शिरले. आता माझ्यावर आली तर ती न्हाईच म्हणू?"

मी वजनांची वही उघडून उगाच पानं उलटत बसले.

गोष्ट वस्त्यांवर पसरली. दारं कुणी लावली नाहीत, पण बाई आल्या की बायका कान टवकारून ऐकू लागल्या. पूर्वी त्या हसण्यासाठी ऐकायच्या, आता भीतीनं. बाईंनी नावं ठेवली की सुटकेचा श्वास सोडायच्या, पण हसत नव्हत्या. एखाद्या लेकराकडं बाई जरा जास्त वेळ बघत राहिल्या तर आई हळूच दुपटं ओढून घ्यायची. हळूहळू बाईंनी बोलणंच कमी केलं. वजन करायच्या, लिहायच्या, उठायच्या. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी अशीच काढली, आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

धुरपताबाईंच्या घरी मी एकटी जायची. बाई डांबरी रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर लसीचा डबा घेऊन बसायच्या. मी परत आले की विचारायच्या, "वजन?" मी सांगायची. "दूध?" सांगायची. "खोकला?" "नाही." कधी विचारायच्या, "बसतो का?" कधी, "दात?" कसा दिसतो, असं त्यांनी कधी विचारलं नाही. मलाही सांगायचा धीर झाला नाही.

एकदा मी परत आले तर माझ्या मागोमाग शीतल चालत आली. कडेवर लेकरू. सासू बाजाराला गेली होती. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला ती थांबली आणि तिनं हाक मारली, "बाई!"

बाईंनी आवाज ओळखला. बसल्या जागी त्या वळल्या, शेताकडं तोंड केलं आणि छत्री उघडून त्या बाजूला धरली.

"बाई, आत्याबाई घरी न्हाईत. बघा की एकदा. तुमच्यामुळं हाय हा."

"घेऊन जा त्याला," छत्रीमागून बाई म्हणाल्या.

"शिव्या तरी द्या त्याला. समद्यांच्या लेकरांला दिल्या तुमी." शीतलचा आवाज फुटला. "माझ्याच न्हाई दिल्या."

बाईंची पाठ हलली नाही. "शीतल, ऐक. उद्या त्याला साधी शिंक आली तरी सासू तुला इचारंल, रस्त्यावर कुणाला दावलं म्हणून. तुला त्याच घरात राहायचं हाय. जा."

शीतलनं पदरानं डोळे पुसले. मग वळली. लेकराला मात्र आमच्याकडंच यायचं होतं, छत्री पाहिली होती ना त्यानं. आई उलटी निघाली तसं त्यानं मागं अंग टाकलं आणि असं भोकाड पसरलं की शेतातली पाखरं उडाली. ती पायवाटेनं लांब जाईपर्यंत तो दम न घेता रडत राहिला. बाई डोळे मिटून, मान जरा तिरपी करून ते ऐकत होत्या. रडणं अगदी बारीक होऊन थांबलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. ते भरलेले होते.

"ऐकलंस?" त्या मला म्हणाल्या. "छाती मोकळी हाय त्याची."

मी मान हलवली. लसीचा डबा उचलून खांद्याला लावला.